मी आपला ऐकायला आलोय!

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कार्यवाहांनी मला 'साहित्य संमेलने आणि आपण' असा विषय दिला आणि "दोन शब्द बोला" असे सांगितले. मी गेली वीस वर्षे साहित्य संमेलनांना जात असल्यामुळे 'दोन शब्द' याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. दोन शब्द म्हणजे कमीत कमी चाळीस मिनिटे. "मी आपला फार वेळ घेणार नाही" म्हणजे पन्नास मिनिटे. आणि "जाता जाता एकच मुद्दा सांगतो" असे वक्त्याने म्हटले की अनुभवी श्रोते उठतात, बाहेर जाऊन चहा पितात, पान खातात आणि परत येऊन बसतात, तेव्हा वक्ता त्या एकाच मुद्द्याच्या प्रस्तावनेत असतो. मी तसे करणार नाही. माझी घड्याळावर नजर आहे, कारण माझ्यानंतर जेवण आहे आणि स्वयंपाकघरातून येणारा वास माझ्यापर्यंतही पोहोचतो आहे.

प्रथम एक खुलासा करतो. मी लेखक नाही. मी बँकेत कारकून आहे. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि बँकेच्या परीक्षेला बसलो. मुलाखतीत साहेबांनी विचारले, "मराठी साहित्य शिकलात, मग इकडे कसे?" मी म्हणालो, "साहेब, साहित्य शिकलो म्हणूनच इकडे." साहेब हसले आणि मी पास झालो. तेव्हापासून माझे लेखन नियमित चालू आहे. 'सही जुळत नाही', 'तारीख घालावी', 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' अशा स्वरूपाचे ते लेखन असून त्याला वाचक भरपूर आहेत. चाहता मात्र अद्याप एकही भेटला नाही.

संमेलनाला जायचे म्हणजे पहिली अडचण रजेची. मी एकदा अर्जात प्रामाणिकपणे 'साहित्य संमेलनास उपस्थित राहणे' असे कारण लिहिले. साहेबांनी बोलावून घेतले.

"तुमचा सत्कार आहे का तिथे?"

"नाही साहेब."

"कविता वाचायची आहे?"

"नाही साहेब."

"मग कशाला जाता?"

"ऐकायला."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "हे कारण बदला. 'घरगुती काम' लिहा. नुसते ऐकण्यासाठी कुणी रजा घेते, हे मला पटवता येणार नाही." तेव्हापासून दर हिवाळ्यात मला तीन दिवसांचे घरगुती काम निघते. त्या तीन दिवसांत मी घरातले एकही काम करत नाही, असे आमच्या मंडळींचे म्हणणे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, संमेलन म्हणजे काय हे तुम्हाला थोडे सांगितले पाहिजे. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ साली पुण्यात भरले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्याचे अध्यक्ष होते. दुसरे संमेलन सात वर्षांनी, १८८५ साली पुण्यातच झाले. तिसरे भरायला १९०५ साल उजाडले. ते साताऱ्याला झाले. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या संमेलनात वीस वर्षांचे अंतर. आता एका वर्षात अखिल भारतीय, विभागीय, ग्रामीण, दलित, विद्रोही, बाल-कुमार अशी इतकी संमेलने होतात की, एखाद्या वक्त्याला वीस दिवसांची विश्रांती मिळाली तर त्याची प्रकृती विचारायला लोक घरी जातात.

संमेलनस्थळी पोहोचल्यावर आधी प्रतिनिधी शुल्क भरायचे. त्याबद्दल छातीवर लावायला एक बिल्ला, जेवणाची कुपने आणि खांद्याला लावायला कापडी पिशवी मिळते. माझ्याकडे अशा चौदा पिशव्या आहेत. एकीतून मेथी येते, दुसरीतून कांदे, तिसरीतून दळण. मराठी साहित्याचा सामान्य माणसाच्या जीवनाशी संबंध उरला नाही अशी टीका परिसंवादात ऐकली की मला या पिशव्या आठवतात आणि टीका अन्यायाची वाटते.

प्रतिनिधींची उतरण्याची सोय बहुधा शाळेत असते. बाके एका बाजूला सारून वर्गात गाद्या घातलेल्या असतात. फळ्यावर शुक्रवारचा गृहपाठ तसाच असतो. रात्री एका वर्गात वीस साहित्यप्रेमी घोरू लागले की छंदशास्त्राचे सर्व प्रकार एकाच वेळी ऐकू येतात. कुणी ओवी, कुणी पोवाडा, कोपऱ्यातला एखादा मुक्तछंद. सकाळी मोरीपुढे रांग लागते. दिवसभर व्यासपीठावर "आधी आपण, आधी आपण" म्हणणारी माणसे त्या रांगेत ते वाक्य पूर्णपणे विसरतात.

मग ग्रंथदिंडी निघते. पुढे लेझीम, मागे पालखी. पालखीत ग्रंथ असतात आणि अलीकडे अनेक ठिकाणी भारतीय संविधानाची प्रतही असते, हे पाहून फार बरे वाटते. त्यानंतर उद्घाटन. व्यासपीठावर माणसे इतकी की खाली बसलेल्यांपेक्षा वरच गर्दी दिसावी. प्रत्येकाचे स्वागत, प्रत्येकाचा सत्कार, आणि ज्यांचा सत्कार राहिला त्यांच्या हस्ते इतरांचा सत्कार. आपल्या लोकांच्या संमेलनात नारळाऐवजी पुस्तक देतात, हा फरक स्वागतार्ह आहे. फक्त ते पुस्तक देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने फोटो होईपर्यंत दोन्हीकडून घट्ट धरून ठेवायचे असते. कित्येक पुस्तकांना माणसाने इतके घट्ट धरल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. संमेलनात चहाच्या टपरीवर कुणीही भेटले की एक प्रश्न हमखास येतो. "तुमचे कोणत्या सत्रात आहे?" म्हणजे परिसंवादात बोलणार, कथा सांगणार की कविता वाचणार? मी सांगतो, "माझे काही नाही. मी आपला ऐकायला आलोय." यावर समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. एखाद्याच्या घरी वाईट घडल्याचे कळल्यावर होतो ना, तसा. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "नाराज होऊ नका हो. पुढच्या वर्षी बघू आपण काहीतरी."

वीस वर्षांच्या अभ्यासाने मी संमेलनाला येणाऱ्यांचे चार वर्ग पाडले आहेत. पहिला, आज बोलणारे. दुसरा, पुढच्या वर्षी बोलण्याच्या खटपटीत असलेले. तिसरा, पूर्वी बोललेले आणि आता का बोलावत नाहीत म्हणून रागावलेले. आणि चौथा वर्ग, ज्यांना मंडप, पंखा आणि बसायला खुर्ची मिळाली म्हणून बसलेले. नुसते ऐकण्यासाठी आलेल्यांचा पाचवा वर्ग करावा इतकी त्यांची संख्या मला आढळली नाही. बँकेच्या भाषेत बोलायचे तर संमेलनात वक्त्यांची पदे नेहमीच मंजूर संख्येपेक्षा जास्त भरलेली असतात. श्रोत्याचे पद मात्र कायम रिक्त.

२०२५ साली अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय संमेलन दिल्लीला झाले, तेव्हा पुण्याहून साहित्यिकांसाठी खास रेल्वेगाडी सोडली होती आणि धावत्या गाडीतच साहित्यिक कार्यक्रम झाले. माझी रजा संपली होती म्हणून मी जाऊ शकलो नाही. पण ती कल्पना मला फार आवडली. धावत्या गाडीतून श्रोता उठून जाऊ शकत नाही. फार तर वरच्या बर्थवर चढेल.

शेवटच्या दिवशी खुले अधिवेशन होते आणि ठराव मांडले जातात. सीमाभागातील मराठी बांधवांचा ठराव असतो, मराठी शाळांचा असतो. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा असाही ठराव आम्ही वर्षानुवर्षे हात वर करून संमत करत होतो. हात वर करायची इतकी सवय झाली होती की, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तो दर्जा खरोखरच मंजूर केला, तेव्हा आनंदाबरोबर माझ्या हाताला थोडे रिकामे रिकामेही वाटले. यात थट्टेचा भाग सोडा. ठराव ऐकणारे कुणीतरी होते, मागे लागणारे कुणीतरी होते, म्हणूनच ते झाले.

हा ऐकण्याचा नाद मला माझ्या वडिलांनी लावला. वडील मनमाडला रेल्वेत खलाशी होते. शिक्षण सातवी. संध्याकाळी कामावरून आले की ओट्यावर बसून शेजाऱ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवीत. २००५ साली नाशिकला अखिल भारतीय संमेलन भरले आणि केशव मेश्राम त्याचे अध्यक्ष झाले. आपल्यातला माणूस तिथे बसणार म्हणून वडिलांना राहवेना. त्याआधी १९८४ साली जळगावला शंकरराव खरात अध्यक्ष झाले होते, तेव्हा ड्यूटीमुळे त्यांना जाता आले नव्हते. ती खंत होती. आम्ही दोघे सकाळची पंचवटी पकडून नाशिकला गेलो. डब्यात आईने दिलेल्या भाकरी आणि ठेचा.

मी तेव्हा पंचविशीचा, नुकताच बी. ए. झालेला. म्हणजे जगातले सर्व काही कळत असलेला. दुपारपर्यंत मी कंटाळलो. वडील मात्र पाठ ताठ ठेवून बसले होते. परिसंवादात वक्त्यांनी वापरलेले निम्मे शब्द त्यांना कळत नव्हते. कळला नाही तो शब्द ते खिशातल्या वहीत पेन्सिलीने लिहून घेत. आभारप्रदर्शनसुद्धा त्यांनी संपूर्ण ऐकले. आभारप्रदर्शन संपूर्ण ऐकणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. मग ग्रंथप्रदर्शनात गेलो. तासभर फिरून, प्रत्येक पुस्तकाची किंमत मागून-पुढून पाहून त्यांनी एक पुस्तक घेतले आणि पावती जपून ठेवली.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "बाबा, नुसते बोलणारेच जास्त होते हो तिथे."

वडील म्हणाले, "हो रे. बरे झाले आपण गेलो. नाहीतर त्या बिचाऱ्यांनी कुणाला सांगितले असते?"

मी खूप हसलो. तो विनोद नव्हता, हे कळायला मला दहा-बारा वर्षे लागली. ते कसे कळले, तेही सांगतो. कारण तो प्रसंग माझ्या फायद्याचा नाही.

वडील गेल्यानंतर मी त्यांच्यावर एक कविता लिहिली. मघाशी मी लेखक नाही म्हणालो, ते एका कवितेपुरते खोटे आहे. एका संमेलनात कविकट्ट्यावर मी नाव दिले. त्या गावाचे नाव सांगत नाही. तिथे माझी मावशी राहते. माझा क्रमांक एकशे सत्तेचाळीस. सूत्रसंचालक दर पाच मिनिटांनी बजावत होते, "एकच कविता, तीन मिनिटे, प्रस्तावना नको." प्रत्येक कवी मान डोलावून माइकपाशी जायचा आणि "प्रस्तावना करणार नाही, पण ही कविता मला कशी सुचली एवढेच सांगतो" म्हणून सुरुवात करायचा. एकाने आठ ओळींच्या कवितेला सहा मिनिटांची पार्श्वभूमी दिली. आमच्या काउंटरवर टोकन घेतलेला माणूस सहा मिनिटे थांबला तर थेट साहेबांच्या केबिनमध्ये जातो. इथे सगळे शांत होते. पण ती शांतता ऐकण्याची नव्हती. जो तो आपापली वही उघडून स्वतःचीच कविता मनातल्या मनात म्हणत होता. आणि ज्याची कविता झाली, तो वही मिटून सरळ बाहेर.

रात्री एक वाजून वीस मिनिटांनी माझे नाव पुकारले. समोर आठ-दहा माणसे. मी वाचली, टाळ्या झाल्या, मी खाली उतरलो. चपला घालताना बाजूला एक मुलगी उभी दिसली. अकरावी-बारावीतली असेल. वही छातीशी धरलेली. जवळच खुर्चीवर तिची आई, मांडीवर डब्याची पिशवी. मुलीचे नाव माझ्यानंतरच होते. मला झोप येत होती. थंडी होती. मी निघून गेलो.

सकाळी एस. टी. स्टँडवर त्या दोघी पुन्हा दिसल्या. मुलगी स्वतःहून माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुमची बाबांवरची कविता फार आवडली. ती पेन्सिलीची गोष्ट आहे ना, ती." माझ्या कवितेतली पेन्सिल तिच्या लक्षात राहिली होती. मला एवढा आनंद झाला की काय सांगू! वीस माणसांत पहिला चाहता भेटला होता. मी विचारले, "आणि तुझी कशी झाली गं?"

ती काही बोलली नाही. आई म्हणाली, "झाली की. मी होते ना. आणि एक मंडपवाला होता, खुर्च्या गोळा करत."

मित्रहो, मी बँकेत काम करतो. रोज संध्याकाळी जमा आणि खर्च जुळल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नाही; दहा रुपयांचा फरक आला तरी सगळी व्हाउचरे पुन्हा तपासतो. त्या सकाळी माझा हिशेब जुळेना. त्या मुलीने माझी तीन मिनिटे ऐकली होती, मी तिची ऐकली नव्हती. घेतले होते, भरले नव्हते. आणि वीस वर्षे चहाच्या टपरीवर "मी आपला ऐकायला आलोय" असे मोठ्या तोऱ्यात सांगणारा तो मीच! एकदाच बोलायची संधी मिळाली आणि मीही पहिल्या वर्गात जाऊन बसलो. बाबांचे ते गाडीतले वाक्य मला तेव्हा कळले.

घरी आल्यावर मी महात्मा जोतीराव फुले यांचे एक पत्र पुन्हा वाचले. १८८५ सालच्या त्या दुसऱ्या ग्रंथकार संमेलनाचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांनी फुल्यांना पाठवले होते. फुल्यांनी जाण्यास नकार दिला आणि का येत नाही हे पत्रात सडेतोडपणे लिहिले. ते पत्र 'ज्ञानोदय'मध्ये छापून आले. जे लोक इतर माणसांचे हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय आहे. पूर्वी मी ते पत्र निषेध म्हणून वाचले होते. या वेळी मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. जिथे आमचे दुःख कुणी ऐकणार नाही, तिथे खुर्ची भरायला आम्ही येणार नाही, असेच ते सांगत होते. ऐकणारा म्हणजे मान डोलावणारा नव्हे. कुठे जाऊन बसायचे आणि कुठे बसायचे नाही, हे ठरवण्याचा अधिकार श्रोत्याचाही असतो.

पुढे आपल्या लोकांनी स्वतःचे मांडव घातले. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन झाले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस! शाळेने त्यांना शिकवले नाही, पण जगाने सांगितलेले सगळे त्यांनी ऐकून ठेवले होते, आणि मग ते कथा-कादंबऱ्यांतून असे परत केले की ऐकणारा हलून जावा. १९९५ साली परभणीच्या संमेलनाचे अध्यक्ष नारायण सुर्वे होते. गिरणगावात वाढलेले, शाळेत शिपाई म्हणून काम केलेले. अशा माणसांची विद्या आधी कानाची असते. बोलणे नंतर येते.

आज आपले मांडव पुष्कळ झाले आहेत. पण खरे सांगू? आपल्या मांडवातही रात्री एक वाजता मुलगी वाचते आणि ऐकायला तिची आई व मंडपवाला असतो. ज्यांना शतकानुशतके कुणी ऐकले नाही, त्यांनीच एकमेकांचे ऐकले नाही, तर मग तक्रार कुणाकडे करायची?

म्हणून आपल्या संस्थेपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. आपल्या अभ्यासिकेत महिन्यातून एक रविवार संध्याकाळ वाचनासाठी ठेवावी. कविता, गोष्ट, आजीची आठवण, आवडलेल्या पुस्तकातले पान, काहीही. शाल नको, हार नको, प्रमुख पाहुणे तर मुळीच नकोत. नियम एकच. ज्याला स्वतःचे वाचायचे असेल, त्याने आधी तिघांचे ऐकावे आणि त्यातले एक तरी वाक्य लक्षात ठेवून त्याला सांगावे. मी स्वतः हा नियम त्या प्रसंगापासून पाळतो. माझे झाले की पुढच्या तिघांचे ऐकल्याशिवाय उठत नाही. कर्ज एका कवितेचे होते. व्याजासकट फेडतो आहे. व्याजाचा दर मीच ठरवला, त्यामुळे तक्रार नाही.

विद्यार्थ्यांनो, संमेलनांना जरूर जा. ग्रंथप्रदर्शनात फिरा, परवडेल ते एक पुस्तक घ्या आणि फोटो झाल्यावर ते उघडाही. मोठ्या वक्त्यांना ऐका, पटले नाही तर उभे राहून प्रश्न विचारा. पण रात्री उशिरा, खुर्च्या गोळा करायला लागल्यावर ज्याचे नाव पुकारले जाईल, त्याच्यासाठी दहा मिनिटे थांबा. कुणी विचारले, "तुमचे कोणत्या सत्रात आहे?" तर लाजू नका. सांगा, "मी ऐकायला आलोय."

आपण सर्वांनी माझे एवढा वेळ ऐकून घेतले. हे कर्ज मी विसरणार नाही. माझ्यानंतर आभार मानायला जे उभे राहणार आहेत, त्यांचे आभारप्रदर्शन मी पहिल्या रांगेत बसून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकणार आहे. आपणही बसावे, ही विनंती. जेवण कुठे जात नाही; मी मघाशीच आत जाऊन पाहून आलो आहे.

जयभीम!